वास आणि श्वास

नानांना कामावरून काढलं, त्या दिवशी मी त्यांना तोंड उघडायला लावलं होतं. दारूचा वास येतोय का, ते बघायला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा माणूस कळंबोलीच्या माझ्या ऑफिसात, हिशेबनीस आणि दोन हमालांच्या देखत, आ करून उभा राहिला. वास आला नाही. तरी मी काढलंच.

आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, पोलादाच्या कॉइल घेऊन नागपूरला जाताना, समृद्धी महामार्गावर त्यांचा ट्रेलर कठड्याला घासत गेला होता. सुदैवाने कुणाला लागलं नाही. पण रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती, म्हणजे डोळा लागलेला. नाना म्हणत होते, "रात्री ढाब्यावर सात तास झोपलो होतो, शेठ." क्लीनरही तेच सांगत होता. वर म्हणाला, "इतके घोरत होते की मी केबिनमधून उतरून खाटेवर जाऊन झोपलो." ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. अपघाताचं कारण त्या पोराने माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं आणि मी त्यावर हसलो.

तेव्हा माझं गणित सोपं होतं. घोरतो तो गाढ झोपतो. गाढ झोपूनही स्टिअरिंगवर ज्याचा डोळा लागतो, तो एकतर प्यायलेला असतो नाहीतर बेफिकीर. यावर माझ्याकडे दोनच औषधं होती, दम देणं आणि घरी पाठवणं. रस्ता सुरक्षा सप्ताहात मी ड्रायव्हर लोकांसाठी डोळ्यांचं शिबिर घ्यायचो, चष्मे वाटायचो, आणि आपलं कर्तव्य झालं असं मानायचो. लायसन्सच्या मेडिकल सर्टिफिकेटवरही नजर, कान, हातपाय बघतात. झोपेचं कोण विचारतो?

दोन वर्षांनी बायको मलाच डॉक्टरकडे घेऊन गेली. "झोपेत तुमचा श्वास थांबतो," ती म्हणाली, "पुन्हा सुरू होईपर्यंत मी आकडे मोजत बसते." एक रात्र नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून झोपलो. रिपोर्ट आला. तासाला 41 वेळा श्वास अडत होता. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला तरच तो मोजतात, आणि तासाला 30च्या वर गेलं की आजार तीव्र. डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, माणूस घोरतो, मग हवेची वाटच बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. घड्याळात सात तास झोप झालेली असते, शरीराला मात्र ती मिळालेली नसते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

मग त्यांनी विचारलं, "गाडीत बसलात आणि ट्रॅफिकमध्ये दोन मिनिटं थांबलात, तर डुलकी लागते का?" मी हसत म्हणालो, "लागते की! पण माझ्या गाडीला ड्रायव्हर आहे." वाक्य तोंडातून गेलं आणि नाना आठवले. त्यांना कुठे होता ड्रायव्हर?

मला सीपॅप मशीन मिळालं. नाकावर मास्क, त्यातून सतत दाबाची हवा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ट्यूबमध्ये हवा राहिली की ती चपटी होत नाही, तसाच घसा. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी ही युक्ती जगासमोर मांडली. मला महिन्याभरात फरक कळला. दुपारी ऑफिसात मान खाली पडायची थांबली.

मग नव्याने मुसलमान झालेला कांदा जास्त खातो, तसं माझं झालं. चौदाही ड्रायव्हरना तपासायचं ठरवलं. पहिल्याच्या तपासणीत आजार निघाला. मी त्याला म्हटलं, "बरा होईपर्यंत घरी बस." पगार बंद, ट्रिपचा भत्ता बंद. मला वाटलं, मी मोठं जबाबदारीचं काम केलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या तेरा जणांनी प्रश्नांचे कागद भरून दिले. घोरता का? नाही. दिवसा झोप येते का? नाही. तेराही जण तान्ह्या बाळासारखे झोपत होते!

त्या कागदांनी मला नानांच्या प्रसंगापेक्षा जास्त शिकवलं. आजार ओळखायला मी शिकलो होतो, पण शिक्षा तीच ठेवली होती. आधी दारूसाठी काढत होतो, आता घशासाठी काढत होतो. खरं बोलण्याची किंमत पोटावर येणार असेल, तर कोण खरं बोलेल?

डॉक्टरांनी मला आधीच एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. श्नायडर ही तिथली मोठी ट्रक कंपनी. तिच्या ड्रायव्हरवरचा हा अभ्यास 2016 साली छापून आला. आजार निघूनही ज्यांनी उपचार अजिबात घेतले नाहीत, त्यांच्या हातून होणाऱ्या टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचं प्रमाण आजार नसलेल्यांच्या पाचपट होतं. ज्यांनी मशीन वापरलं, त्यांचं वाढलेलं नव्हतं. तिथे तपासणी सक्तीची होती, पण उपचाराचा खर्च ड्रायव्हरच्या माथी नव्हता. ही दुसरी बाजू मी सोयीस्करपणे ऐकली नव्हती. तिथल्या सरकारनेही त्याच वर्षी देशभर नियम करायचा विचार मांडला आणि 2017 मध्ये तो गुंडाळून ठेवला. तेव्हा सरकारची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

मी पद्धत बदलली. प्रश्नांऐवजी आधी टेप घेतला. गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर, ब्लडप्रेशर, वजन, वय, एवढ्यावरूनही बरंच कळतं. तपासणीची रात्र ट्रिप म्हणून धरायची. मशीन कंपनीचं. आणि मशीनच्या कार्डावर बहुतेक रात्री चार तासांच्या वर वापर दिसला की स्टिअरिंग परत, हे लेखी. घरी बसवलेल्याला बुडालेला पगार दिला. पाच जणांत आजार निघाला. चौघं मशीन वापरतात. एक जण मास्कमध्ये जीव गुदमरतो म्हणून सोडून गेला, त्याचं मला काही करता आलं नाही. केबिनमध्ये इन्व्हर्टर बसवावा लागला, धुळीने फिल्टर सारखे तुंबतात, विदर्भातल्या मे महिन्यात मास्क नकोसा होतो. मशीन झोप सुधारतं, झोपेचे तास वाढवत नाही. ते तास माझ्या वेळापत्रकातून यायला हवेत, म्हणून दोन पार्ट्यांना "सकाळपर्यंत माल पोचेल" म्हणणं बंद केलं. त्यातली एक पार्टी गेली.

एवढं झाल्यावर नानांना फोन केला. मी काढल्यावर आठवड्याभरात त्यांना दुसऱ्याची गाडी मिळाली होती. म्हणजे मी धोका हटवला नव्हता, फक्त माझ्या नंबर प्लेटवरून दुसऱ्याच्या नंबर प्लेटवर ढकलला होता. मी माफी मागितली आणि तपासणीचं सांगितलं, खर्च माझा. पलीकडे बराच वेळ फक्त इंजिनाचा आवाज येत होता.

"पुन्हा तोंड उघडायचं का, शेठ?" नाना म्हणाले.

मी म्हटलं, "नाही नाना. रात्रभर फक्त झोपायचं."

"येतो," ते म्हणाले. "पण इथल्या शेठना कळू देऊ नका."