डावे-उजवे

आईवडिलांनी मुलांत डावे-उजवे करू नये असे म्हणतात. पण घरात आणलेले यंत्रच डावे-उजवे करू लागले तर काय करावे, हा प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यापुढे उभा राहिला.

‘कमवा व शिका’ योजनेत साठलेल्या पैशांतून मी जुन्या बाजारातून एक स्टीरिओ आणला. ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन स्पीकर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा वायरी जोडण्याचा मान आपोआप माझ्याकडे आला. अण्णांच्या आवडीची भजनाची कॅसेट लावली, आणि पाहतो तो काय, डावा स्पीकर अगदी दबक्या आवाजात बोलतो आहे!

मी लगेच ‘बॅलन्स’चे बटण फिरवायला धावलो. शेजारी रेडिओ दुरुस्त करणारे काका राहतात. ते म्हणाले, “थांब. आधी रोग ओळख, मग औषध दे.” त्यांनी यंत्र बंद करून स्पीकरच्या दोन वायरींची मागच्या बाजूला अदलाबदल केली. दबका आवाज आता उजवीकडे गेला असता, तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा कॅसेटचा. पण तो डावीकडेच राहिला. म्हणजे दोष त्या स्पीकरचा, नाही तर त्याच्या जागेचा. जागा पाहिली, तर आईने रचलेल्या अंथरुणाच्या वळकट्यांनी त्याचे तोंडच बुजवले होते! वळकट्या हलल्या, आवाज मोकळा झाला. वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या.

मग मला या विषयाचे वेडच लागले. ग्रंथालयात वाचले की, ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. सारी करामत आपल्या दोन कानांवर उभी आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एका स्पीकरला आपण ३४ सेंटिमीटर जवळ असलो, तर त्याचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका आधी पोचतो. आणि तेवढ्यानेही सारे गाणे त्याच बाजूने येत असल्याचा भास होतो. बटणाने एका बाजूचा आवाज कमीजास्त होतो, पण हा उशीर भरून निघत नाही. म्हणून बटणाआधी बैठक बदलावी. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा.

मी सुतळीने अंतरे मोजली आणि त्रिकोणाच्या टोकावर पाट मांडला.

अण्णा रोज दाराकडे तोंड करून, स्पीकरांना अंग तिरके देऊन बसत. मला वाटे, यांना गोडी नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना आग्रहाने पाटावर सरळ बसवले. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “पखवाज येतुया. टाळ लांब गेल्यात.”

अण्णांचा डावा कान लहानपणी फुटला, तो कायमचा गेला. मी हुशारी केली. चांगला कान उजवा, म्हणून बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला.

“आता टाळ कुठं गेलं रं?” अण्णांनी विचारले. गावच्या भजनी मंडळात तीस वर्षे टाळ धरलेला माणूस तो!

काका हसले. त्या कॅसेटमध्ये टाळ डाव्या वाहिनीत होते. मी ती वाहिनीच बंद केली होती. जाड आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो; टाळेसारखा बारीक, तीक्ष्ण आवाज डोक्याच्या आडोशाला अडतो. एका कानाच्या माणसाला बॅलन्स झुकवून भागत नाही. त्याला दोन्ही वाहिन्या एकत्र करून द्याव्या लागतात. काकांनी बॅलन्स मध्यावर आणला आणि ‘मोनो’ लिहिलेले बटण दाबले. (आजच्या मोबाईलमध्येही ही सोय असते.) टाळ आले. अण्णांची बोटे मांडीवर चालू लागली.

कॅसेट संपल्यावर ते सहज बोलले, “शाळंत मी भिंतीकडंला बसायचो. उजवा कान भिंतीला. मास्तर काय बोलत्यात कळायचं न्हाई. ढ हाय म्हणून चौथीत काढलं.”

आई चूल फुंकायची थांबली. मी काहीच बोललो नाही.

अण्णांना नवी पुस्तके नको होती, शिकवणी नको होती. कुणीतरी त्यांना भिंतीकडून उठवून समोरच्या भिंतीला बसवायला हवे होते, एवढेच. अंथरुणाच्या वळकट्या हलवण्याइतके ते सोपे होते. पण दोष जागेचा आहे की मुलाचा, हे ओळखायला कुणी वायरी बदलून पाहिल्या नाहीत.

आणि मी तरी काय केले? दाराकडे तोंड करून बसले की उजवा कान गाण्याकडे होतो, हा उपाय अण्णांनी माझ्या त्रिकोणाच्या कितीतरी आधी शोधला होता. मी त्यांना तिथून उठवून सरळ बसवले.

मोनोमध्ये गाणे मधोमध गोळा होऊन येते. पखवाज एकीकडे, टाळ दुसरीकडे ही गंमत जाते. रात्री एकटा असलो की मी ते बटण सोडतो. पण संध्याकाळी अण्णा आले की ते दाबलेले असते, आणि पाट दाराकडे तोंड करून मांडलेला असतो.