रैयोलीची दगडी अंडी

मैत्रिणींनो, सुट्टीत मुलांना घेऊन बडोद्याला माहेरी किंवा नणंदेकडे जाणार असाल, तर एक दिवस रैयोलीसाठी राखून ठेवा. बालासिनोरजवळचं हे लहानसं गाव. सकाळी लवकर निघालं, की संध्याकाळी दिवेलागणीला घरी परत.

१९८१ साली भूवैज्ञानिकांना इथे डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली, साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची! इथल्याच हाडांवरून २००३ साली एका मांसाहारी डायनासोरचं बारसं झालं : राजासॉरस. त्याच्या डोक्यावर एक बुटकं शिंग होतं.

आधी २०१९ साली उघडलेलं संग्रहालय बघा, मग माळावर चला. नाहीतर मुलांना नुसते दगडच दिसतील! बरोबर टोप्या, भरपूर पाणी आणि दशम्या-चटणी हवीच. पायात बूट असावेत.

अंडी म्हणाल, तर साधारण नारळाएवढी. गावातली एक बाई असंच एक अंडं मसाला वाटायला वापरीत असे, अशी हकीकत बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी सांगतात. तिला बिचारीला काय ठाऊक! पण आपल्याला ठाऊक आहे ना?

आमच्या धाकट्याने एक गोल खडा हळूच खिशात टाकला. मी काणाडोळा करणार, तोच थोरली म्हणाली, ‘‘आई, सगळ्यांनी एकेक नेला तर?’’ मी ओशाळले. खडा होता तिथे परत ठेवला.

तेव्हा निघताना मुलांचे खिसे जरूर तपासा. आणि हो, आपली पर्ससुद्धा!