कौलिंगखालचं ऋण

ज्यांचं ऋण कधी फिटणार नाही अशी माणसं माझ्या आयुष्यात थोडी आहेत. आई-वडिलांनंतर त्यांत काकाजी येतात. ते नात्याने माझे कोणी नव्हते. मी लाखनीच्या धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. ते नागपूरला सोनेगाव विमानतळावर छोट्या विमानांची देखभाल करणारे जुने मेकॅनिक. पोटापाण्यासाठी नागपूर गाठलं आणि त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागलो. पुढे जे काही झालो ते त्यांच्यामुळे.

विमान म्हटलं की लोक पंखांकडे पाहतात. काकाजींनी मला कौलिंगखाली पाहायला शिकवलं. कौलिंग म्हणजे इंजिनावरचं आवरण. सेस्ना 152 मध्ये त्याखाली लायकमिंगचं 110 हॉर्सपॉवरचं इंजिन असतं. समोरासमोर आडवी चार सिलिंडरं आणि त्यांच्या अंगभर पातळ फिन्स, म्हणजे धातूच्या कडा. मोटारीसारखा रेडिएटर नाही, पाणी नाही. काही उष्णता तेल वाहून नेतं, बाकी सगळा भार हवेवर. प्रोपेलरच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या तोंडांतून हवा आत शिरते, सिलिंडरांच्या वर दाबाने साठते, फिन्समधून खाली उतरते आणि तळाशी मागच्या बाजूने बाहेर पडते. तिने हीच वाट धरावी म्हणून सिलिंडरांभोवती ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बसवतात, त्यांना बॅफल म्हणतात. पत्रा आणि कौलिंग यांच्यातली फट रबरी पट्टीने बंद करतात.

"हवा आळशी असते बाबू," काकाजी म्हणत, "फट दिसली का तिकूनच निघून जाते." मला ते लगेच पटलं. आमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी धरायचं तर धुरा, म्हणजे बांध, शाबूत लागतो. खेकड्याच्या एका बिळातून रात्रीत बांधी रिकामी होते.

रबरी पट्टी कोणत्या अंगाला वळवायची, यावर त्यांनी मला पहिला धडा दिला. ती आत, दाबाच्या बाजूला वळलेली हवी. मग हवेचा दाबच तिला कौलिंगवर चिकटवून धरतो. बाहेर वळली तर तोच दाब तिला उघडतो. कौलिंग उतरवलं की काकाजी आधी ते उलटं करून आतली घासल्याची रेघ पाहत. रेघ सलग असली म्हणजे पट्टी सगळीकडे टेकते. जिथे रेघ तुटते तिथून हवा पळते. त्यानंतर ते टॉर्च घेऊन खाली वाकत आणि दोन सिलिंडरांमधले, खालून बसवलेले वळणदार पत्रे तपासत. हे पत्रे हवेला फिन्सच्या खालच्या अंगाला लगटून जायला लावतात. ते सैल असले किंवा नसलेच, तर हवा सरळ खाली निघून जाते आणि सिलिंडरचा तेवढा भाग तापत राहतो. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणूनच काकाजी ते कधी चुकवत नसत.

विदर्भाच्या उन्हाळ्यात या कामाची खरी कसोटी लागते. 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के विरळ असते. म्हणजे हवा आधीच तापलेली, त्यात कमी. विमान वर चढताना वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात असतं. जुन्या शिकाऊ विमानांत वैमानिकासमोर तेलाच्या तापमानाचा काटा असतो. प्रत्येक सिलिंडरचा वेगळा काटा बहुधा नसतो. एखादं सिलिंडर एकटंच तापत असेल तर वर बसलेल्या पोराला ते कळत नाही. ते खाली, हँगरातच कळायला हवं.

काकाजींचं इंजिन नीटनेटकं असे. विजेच्या तारा इंधनाच्या नळीच्या वरून नेलेल्या, प्लगच्या वायरी एक्झॉस्टपासून लांब, प्रत्येक जुडगा रबर लावलेल्या क्लॅम्पमध्ये, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलमधलं प्रत्येक भोक बुजवलेलं. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेल्या लॉकवायरचा पीळ एकसारखा आणि ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने. इतका नेटकेपणा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "सगळं जागच्या जागी असलं का जे हललं ते दिसते." इंजिन पुसून ठेवलेलं असलं की तेलाचा नवा थेंब लगेच नजरेत येतो. तार कुठे घासते, बॅफलच्या पत्र्याला कंपनाने बारीक तडा कुठे गेला, हे पसाऱ्यात सापडत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मला याहून उपयोगी वाक्य कोणी सांगितलं नाही.

काकाजी स्वतः पुष्पक विमानावर शिकले होते. 1958 साली पहिल्यांदा उडालेलं हे दोन आसनी विमान हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलं. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पुष्पकचं 90 हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिनही हवेनेच थंड होणारं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक आणि मेकॅनिक त्यावर तयार झाले. घाटगे यांचं नाव काकाजी आदराने घेत. आपल्या माणसाने बांधलेल्या विमानावर हात बसला, याचा त्यांना अभिमान होता.

त्यांच्याकडे परवाना मात्र नव्हता. काम त्यांचं असे. विमान उडण्यास योग्य असल्याची सही परवानाधारक अभियंत्याची. मला त्यांनी त्याच वाटेने जाऊ दिलं नाही. "माझ्या हाताले काम येते, पन सही दुसऱ्याची लागते. तू सही मिळव," ते म्हणाले. इंग्रजी मॅन्युअल वाचताना मी अडत असे. संध्याकाळी हँगर रिकामा झाला की ते माझ्याजवळ बसत. भाषा माझी अडली तरी आकृती त्यांना पाठ असे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना मला मिळाला, तेव्हा ज्याने घडवलं त्याच्याच कामावर सही करायची वेळ माझ्यावर आली. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "आधी टॉर्च घे." त्यांच्या देखत मी ते इंजिन सगळं तपासलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट समाधान वाटलं.

हे ऋण फेडायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे, तो म्हणजे हे काम पुढच्या हातात देणं. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर आज वैमानिक घडतात, आणि लाखनी-साकोलीकडच्या मुलांना आकाशात विमानं दिसतात. त्या मुलांना माझी विनंती आहे: उडवायची इच्छा जरूर धरा, पण देखभालीचं कामही तितकंच मोठं समजा. परवाना मिळवा, आणि जिथे कोणी पाहत नाही ती जागा आधी तपासा.