हंगामांचा जमाखर्च

चंद्रपूर सोडले की मूलपर्यंत जंगल रस्त्याची साथ सोडत नाही. पुढे सावली, व्याहाड येते आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागतात. फेब्रुवारीत त्या रिकाम्या असतात. कापणी होऊन गेलेली, रोवणीला अजून पाच महिने. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. दारूबंदीचा कायदाही या पुलावर बदलतो. गडचिरोलीत बंदी 1993 पासून आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. घरखर्चाचा विषय डोक्यात घेऊन निघालेल्या बाईला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आम्ही दोघी नणंद-भावजय धानोरा रस्त्यावरच्या एका गावी निघालो होतो. तिथे बचत गटांतल्या बायकांसाठी थोड्या मिळकतीत घर कसे चालवायचे, याचा एक दिवसाचा वर्ग होता. आपल्या मोहल्ल्यात असे काही सुरू करता येईल का, हे पाहायचे होते.

समाजमंदिरात तीसेक बायका जमल्या होत्या. बहुतेक गोंड, दोघी मुस्लिम. शिकवणारी ताई स्वतः गटातून पुढे आलेली. रिझर्व्ह बँकेने 2013 साली गरीब कुटुंबांना जमाखर्च लिहिता यावा म्हणून एक डायरी काढली होती. वर्गात वाटलेली वही त्याच वळणाची होती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, वर महिन्याचे नाव.

ताई म्हणाली, “महिन्याची कमाई लिहा.” पेन कुणाचेच हलेना. शेवटी मागून एक आजी बोलली, “कोनत्या महिन्याची लिहू बाई? आमचा पैसा महिना पाहून नाई येत.”

सगळ्या हसल्या. ताईने मात्र फळा पुसला आणि नव्याने आखला. मार्च-एप्रिल मोहफुले. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्ट रोवणीची मजुरी. नोव्हेंबरात कापणी. मधल्या दिवसांत बांबूचे किंवा रोजगार हमीचे काम, मिळाले तर. आमच्या मते खरा वर्ग इथून सुरू झाला. महिन्याचा पगार गृहीत धरून केलेले अंदाजपत्रक या मुलखात चालत नाही.

तेंदूचे गणित बायकांनीच सांगितले. सत्तर पानांचे एक पुडके. पहाटे जंगलात पाने तोडायची, दुपारी घरातल्या सगळ्यांनी मिळून पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा, पण बऱ्याच घरांत वर्षातली सर्वांत मोठी रोकड हीच. पैसे आले की आधी किराणा दुकानाची उधारी फिटते. उरलेल्यात शाळा, बियाणे, घराचे छप्पर. सप्टेंबर-ऑक्टोबरात हात पुन्हा रिकामे आणि उधारीचे नवे पान सुरू.

ताईने रिकाम्या महिन्यांवर लाल खडूने खुणा करायला लावल्या. तेंदूचा पैसा आला त्याच दिवशी लाल महिन्यांचा वाटा बाजूला, मग बाकी खर्च. आम्हाला हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) आठवले. सुगीच्या सात वर्षांत थोडे खाऊन बाकी धान्य कणसांतच राखून ठेवायला त्यांनी सांगितले होते. इथे सात वर्षांच्या जागी सात महिने, एवढाच फरक.

उधारीबद्दल ताईचे एकच सांगणे होते: दुकानदाराच्या वहीत जे लिहिले जाते ते आपल्याही वहीत लिहा. कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह अल्-बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तरी आपल्या किती घरांत उधारी दोन्हीकडे लिहिली जाते?

खर्चाच्या रकान्यात खर्रा लिहायला कुणी तयार नव्हती. रोज वीस रुपयांचा एकच धरला तरी वर्षाला 7,300 होतात. आकडा फळ्यावर आला तेव्हा काहींनी पदर तोंडाला लावला. खर्रा काही परजातीचा नाही. चंद्रपुरात आपल्या मशिदींबाहेरच्या टपऱ्यांवरही तो तितकाच विकला जातो, हे सांगून टाकलेले बरे.

जेवणाच्या सुट्टीत त्या दोन मुस्लिम बायकांपैकी एक जवळ येऊन बसली. “आपा, मी बचत भरते, पण गटाचे कर्ज घेत नाही. त्यावर व्याज आहे.” मग अडचणीत काय करते? दागिना गहाण ठेवते. व्याज टाळण्यासाठी उचललेले पाऊल पुन्हा व्याजाच्याच दारात! तिला दोष देण्याजोगे काही नाही. तिच्यासाठी कर्जे हसनाचा निधी हवा, आणि तो बारमाही हवा. आपली बहुतेक देणगी रमजानात निघते. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. तिचे लाल महिने मात्र जागच्या जागी राहतात.

परतताना मेंढा (लेखा) लागले. या गावाच्या ग्रामसभेला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवानाही हाती आला. तेव्हापासून बांबूच्या पैशाचा हिशेब गाव स्वतः ठेवते. 2013 साली गावाने ग्रामदानाचा ठराव केला. विनोबांच्या ग्रामदानात पिकाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात जातो. जकातीचा हिस्साही चाळिसावाच. ती पिकावर नव्हे, वर्षभर राहिलेल्या शिल्लक धनावर, निसाब पुरा झाला तरच. तरी ओळखीचा आकडा भेटला म्हणून बरे वाटले.

बसमध्येच आम्ही आपल्या मोहल्ल्यासाठी वहीचे पान आखायला घेतले. मिस्त्रीकाम करणारे, ऑटोवाले, बांगड्या विकणारी, शिलाई करणाऱ्या तिघी. मिस्त्रीचे काम पावसात बंद, शिलाई ईदच्या आधी जोरात, बांगड्या लग्नसराईत. मूल येईपर्यंत सहा घरांचे लाल महिने भरून झाले होते. ऑटोवाल्यांचे रकाने कोरे ठेवले. ते त्यांच्या घरी जाऊन विचारायचे आहे.