दार न वाजवता

गेल्या वर्षी मे महिन्यात नाचणगावात अम्मींना ऊन लागलं. शेजारच्या खालांनी त्यांना वेळेवर पुलगावला डॉक्टरांकडे नेलं आणि अल्लाहच्या कृपेनं निभावलं. आम्ही तिघं भावंडं पुण्यात आणि नागपुरात. वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा आम्हाला नवा नाही. पारा ४५ च्या पुढे जातो, हे लहानपणापासून सोसलेलं. अब्बा होते तोवर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पुरत होता. आता अम्मी घरात एकट्या. आम्ही पैसे जमवले आणि त्यांच्या खोलीत एसी बसवला. सोबत भिंतीवर एक पॅनेलही.

मोठ्या हॉटेलांत, दवाखान्यांत, ऑफिसांत खोलीच्या भिंतीवर काचेची चौकोनी पाटी असते, तसंच हे. पंखा, दिवा, एसी सगळं त्यातूनच चालतं. आत तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. खोली ठरलेल्या अंशावर आली की एसी थांबतो, तापली की पुन्हा सुरू होतो. इंटरनेटला जोडलं की हे सारं मोबाइलवरूनही करता येतं. आम्हाला हेच हवं होतं. अम्मींची काळजी आता आमच्या खिशात आली, असं वाटलं.

आम्ही तापमान २४ वर ठेवलं. १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबलचे रूम एसी २४ अंशांवरच सुरू होतील असे बनवावे लागतात, म्हणजे आकडा योग्यच असणार. पण दुपारी पाहावं तर अम्मींनी २९ केलेलं. आमच्यापैकी कोणीतरी लगेच २४ करी. तासाभरानं पुन्हा २९. उन्हाळाभर हा खेळ चालला आणि आम्ही त्यावर हसत राहिलो.

बकरी ईदला घरी आलो, तर पॅनेलवर अम्मींची जुनी ओढणी टांगलेली.

"हे काय अम्मी?"

त्या आधी बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "जोहरनंतर मी ओढणी काढून जरा पडते. तेवढ्यात भिंतीवर उजेड पडतो. मी दचकून उठते, ओढणी घेते. कोणी आलं की काय!"

आम्ही समजावलं, यात कॅमेरा नाही, काही दिसत नाही.

"कॅमेरा नाही ते कळतं मला. पण उजेड पाडतं कोण? तुम्हीच ना? मग आलातच की खोलीत. सलाम नाही, आवाज नाही."

आम्ही गप्प झालो. सूरह अन-नूरमध्ये तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या आधी, दुपारी माणूस कपडे सैल करून पडतो तेव्हा, आणि इशानंतर. या वेळी घरातल्या लहान मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावं. आणि मुलं मोठी झाली की त्यांनी प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी. हे आम्हाला लहानपणी अम्मींनीच शिकवलं होतं. आम्ही मात्र नेमके दुपारीच त्यांच्या खोलीत शिरत होतो.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. पॅनेल पश्चिमेच्या भिंतीवर होतं. दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते. सेन्सर त्या तापलेल्या भिंतीजवळची हवा मोजत होता, म्हणून एसी थांबतच नव्हता आणि अम्मी पलंगावर दोन चादरी घेऊन कुडकुडत होत्या. आम्ही आकड्यावर विश्वास ठेवला. ज्यांना थंडी वाजत होती, त्यांना विचारलं नाही.

या यंत्राचा इतिहास वाचला, तेव्हा आणखी खजील झालो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवत असत. वर्ग गार आहे की गरम, हे पाहायला शिपाई सारखा आत येई आणि तळघरात जाऊन झडपा हलवी. शिकवण्यात व्यत्यय येई. म्हणून जॉन्सन यांनी असं साधन केलं, की वर्गाचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजावी. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. कोणी विनाकारण खोलीत येऊ नये, यासाठी निघालेली वस्तू आम्ही खोलीत शिरायला वापरली.

ईदच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून पॅनेल आतल्या भिंतीवर, अम्मींच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर घेतलं. ऊन नाही, एसीचा झोत नाही. मोबाइलवरून बदल करण्याची सोय बंद केली. फक्त एक घंटा ठेवली: खोली ३५ च्या वर गेली की आमच्या मोबाइलवर सूचना येते. वीज किंवा इंटरनेट गेलं की तीही येत नाही, म्हणून खालांना सांगून ठेवलं आहे. शेजार कोणत्याही यंत्राहून जुना आणि भरवशाचा.

अम्मी आता २८ वर एसी आणि सोबत पंखा लावतात. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. म्हणजे इस्राफच्या हिशोबातही अम्मीच बरोबर होत्या.

वाचक बंधू-भगिनींनो, दूर राहून आईवडिलांच्या घरात असं काही बसवणार असाल, तर जरूर बसवा. पण भिंतीला भोक पाडण्याआधी त्या खोलीत झोपणाऱ्याला विचारा.

परवा दुपारी सूचना आली. आम्ही फोन लावला. बराच वेळ वाजला. मग अम्मींचा आवाज आला, "वालेकुम सलाम. खिडकी उघडी राहिली होती, लावते. बोल बेटा."