क्लँप

"यंदा दिवाळी अंकात काय लिहितो आहेस?" असे काकूने विचारले, तेव्हा मी "क्लँपवर" असे उत्तर दिले. वाती वळता वळता ती थांबली. माझी पहिली कादंबरी हातात घेतली तेव्हाही तिने माझ्याकडे असेच पाहिले होते. तिचे म्हणणे, लोक चकली-करंजी खाऊन अंक उघडतात, त्यांना लोखंडाचे दात कशाला चघळायला द्यायचे? तिचे चुकत नाही. पण हे बोलताना ती ज्या झोपाळ्यावर बसली होती त्याची फळी त्या दातांतूनच निघाली आहे, आणि त्यापायी आमच्या घरात महिनाभर जी धुसफूस चालली ती वाचकांना सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्या त्याने एका दुपारीत आडव्या केल्या. आमच्या ओटीचे छप्पर खाली आले, त्याखाली जुना झोपाळा मोडला. परसातला आजोबांनी लावलेला फणसही मुळासकट उलथला. पावणेसात फूट घेराचे खोड! काकूने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकले, "झोपाळा मोडला तर मोडला, फळी आता या फणसाची. आणि अखंड. सांधा मला नको."

अखंड फळी मागणे सोपे. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी आहे, आणि पाच क्विंटलांचा ओंडका पायऱ्या चढत नाही. तेव्हा ओंडका वखारीत न नेता वखारच ओंडक्याकडे आणावी असे दादाने ठरवले. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, काकूचा मुलगा. मुंबईत फिटर होता, टाळेबंदीत घरी आला तो परत गेला नाही. सोसायटीचे कर्ज काढून त्याने एक जुनी फिरती सॉ-मिल विकत घेतली. पाडलेल्या वाड्यांतले लाकूड कापून हप्ते फिटतील, असा त्याचा हिशेब.

यंत्र मोठे सुटसुटीत. जमिनीवर रुळांसारखे दोन लोखंडी चॅनल, त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर ओंडका. ओंडका जागचा हलत नाही. करवतच चाकांवरून पुढे जाते आणि जाता जाता वरची एक फळी सोलून काढते. पाते मिलिमीटरभर जाडीचे, म्हणून भुसा थोडा आणि लाकूड जास्त मिळते. फणसाचा चीक बसू नये म्हणून पात्यावर साबणाचे पाणी ठिबकत असते. एका बाजूला दोन उभे खुंट, दुसऱ्या बाजूने आटे फिरवून दाबायचा क्लँप. दादाचे सारे लक्ष पात्यावर. धार, ताण, वेग यांच्याखेरीज तो बोलत नसे. क्लँपकडे कोण पाहणार?

2021च्या जानेवारीत आधी फांदीचा ओंडका लावला. दोन काप बरे गेले. तिसऱ्याला ओंडका किंचित उचलला, फिरला, पाते अडकून चाकांवरून सुटले आणि ओंडका रुळांवरून घरंगळत खाली आला. पुतण्या पहार लावून उभा होता. त्याच्या नडगीवरच तो आदळला. हाड वाचले, पण पोरगा पंधरा दिवस ओटीवर पडून. निघालेल्या फळ्या पाहिल्या, तर एका टोकाला इंच आणि दुसऱ्या टोकाला सव्वा.

काकूने खळ्यात येऊन इंजिन बंद करायला लावले. "मला झोपाळा नको. पोराचा पाय हवा." त्यानंतर ती दादाशी बोलेना. मोठा ओंडका अंगणात तसाच, आणि हप्त्याची तारीख जवळ येत चाललेली.

मला बोलावणे आले ते समेटासाठी. यंत्रातले मला काय कळणार! पण वाडीतले जुने मेस्त्री तिथे बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तरुणपणी एका वखारीत गेली. ते म्हणाले, "मास्तर, करवतीला भिऊ नये. ओंडक्याला भ्यावं. माझी बोटं करवतीनं घेतली खरी, पण हात तिच्यात ढकलला ओंडक्यानं."

मग त्यांनी भुशात बोटाने एक वर्तुळ काढले आणि मला विचारले, "इथं खालून दाबलं तर दाब जातो कुठं?" वाचकहो, दहावीची भूमिती मी वीस वर्षे शिकवत आलो आहे. स्पर्शबिंदूतून निघालेली लंबरेषा वर्तुळाच्या मध्यातून जाते. तेव्हा मध्याच्या खाली दाबाल तर दाब वर जाणार, ओंडका उचलला जाणार! फळ्यावर हे मी शेकडो वेळा काढले असेल, पण पाच क्विंटलांच्या वर्तुळाला ते लागू पडते हे कधी मनात आले नव्हते. बरे, क्लँप वर घ्यावा तर पाते त्यावर आपटते. म्हणजे गोल ओंडक्याला क्लँप उंच हवा, आणि काप खाली येत जातील तसा तोही उतरायला हवा. आमचा होता एकाच जागी वेल्डिंग केलेला.

दादाने तो कापून काढला. उभ्या पाइपवर वरखाली सरकणारी नळी बसवली, तिला खीळ. दाबाचा बोल्ट सरळ आडवा होता तो किंचित खाली तोंड करून लावला आणि जबड्याला चार दात केले. दात का, तर गुळगुळीत जबडा सालीवरून घसरतो. दात रुतले की जिकडे ढकलाल तिकडे ओंडका दबतो. साल ओलसर, मऊ, म्हणून धरण्याच्या जागी ती आधी तासून घ्यायची.

यात माझीही एक भर होती, ती सांगायला संकोच वाटतो. आटे फिरवण्यात वेळ जातो म्हणून मी सुचवले की अंड्याच्या आकाराची चकती लावावी, दांडा दाबला की पकड घट्ट. दादाने करून दिली. दांडा दाबला, इंजिन सुरू झाले, आणि थरथरीने दांडा उलटा फिरून माझ्याच मनगटावर बसला. मेस्त्री हसले नाहीत, एवढी त्यांची सभ्यता. ते म्हणाले, "पाचर बोथट केलीत तर ती उडतेच. लांबट उताराची केलीत तर ठोकल्याशिवाय निघत नाही." चकतीचा फुगीरपणा कमी केला, आणि मग ती खरोखरच अडून बसू लागली. (मनगटावरचा वण मुलांना दाखवून मी हल्ली स्पर्शिकेचा धडा घेतो.)

तरी काकूची समजूत पटेना. शेवटी दादाने फांदीचा दुसरा ओंडका बांधला आणि इंजिन बंद ठेवून तिच्यासमोर त्यावर पहारीचे घाव घातले. ओंडका हलला नाही. तिने स्वतः पहार लावून ढकलून पाहिले. मग म्हणाली, "कापताना त्याच्या जवळ कोणी उभं राहायचं नाही." तो नियम आजतागायत पाळला जातो.

मोठ्या ओंडक्याचे आधी बाजूचे फेसे काढून तो चौकोनी केला. ऐन मधली फळी रुंद मिळते, पण तिच्यात गाभ्याचा टिंब येतो आणि वाळताना तिथूनच चीर पडते. म्हणून मेस्त्रींनी गाभ्याच्या शेजारची धरली. पाच फूट लांब, बावीस इंच रुंद, दोन इंच जाड. पिवळीधमक, ओल्या हळदीसारखी. दोन्ही टोकांना गुण्या लावून पाहिला, जाडीत सुताचाही फरक नव्हता. दादाने त्या दिवशी प्रथमच आईशी नजर मिळवली.

जाडीच्या दर इंचाला वर्षभर वाळवण, असा मेस्त्रींचा हिशेब. टोकांना जुना रंग फासून, खाली पट्ट्या घालून फळी पडवीत दोन वर्षांहून अधिक पडून राहिली आणि 2023च्या दिवाळीत ओटीवर चढली. आता तिचा रंग मधासारखा झाला आहे.

फक्त एक चूक राहिली. दातांचा जबडा हवा गोल ओंडक्याला, कारण त्याची बाहेरची साल फेकायचीच असते. चौकोनी केल्यावर सपाट जबडा चालतो. तो बदलायचे त्या दिवशी आनंदात आम्ही विसरलो. फळीच्या एका कडेला पाव इंच खोलीचे खड्डे पडले होते. ते काढायला मेस्त्रींना अर्धा इंच लाकूड उतरवावे लागले. आता दादा दोन जबडे बाळगतो. हप्तेही फिटत आले आहेत.

परवा वाती आटोपल्यावर काकू झोपाळ्याच्या कडेवरून हात फिरवीत म्हणाली, "लिही हो क्लँपवर. पण माझा अर्धा इंच त्यानं खाल्ला, तेही लिही."