बांगड्याचं पिवळं पोट

मे महिना सरता सरता आमच्या घरात पत्र्याचा एक मोठा डबा भरला जातो. तळाला सोडे, मध्ये गोलमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, आणि वर कागदात गुंडाळलेला सुका बांगडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आणि बाहेर मालवणचा पाऊस. त्या दोन महिन्यांत आमचा मासळीबाजार म्हणजे हा डबा. त्या वर्षी डबा भरला आणि उघडायच्या आधीच मला गोव्यातली बांबोळी गाठावी लागली.

रात्री जेवणानंतर छातीत दाटल्यासारखं झालं. मी ते पित्तावर ढकललं, ओवा चावला, खाण्याचा सोडा घेतला. पहाटे डावा दंड आणि जबडा दुखायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "ह्या पित्त नाय. मी गाडी काढूक सांगतंय." कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. सिंधुदुर्गात ज्याच्या घरी हृदयरोगी आहे त्याला हा रस्ता वळणावळणासह पाठ असतो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, मनगटातून तार आत गेली. पडद्यावर माझ्याच हृदयाच्या फांद्या दिसत होत्या आणि डावीकडची उतरती फांदी मध्येच, कुणी दोऱ्याने आवळावी तशी बारीक झालेली. स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो.

मला चक्रावून टाकलं ते रिपोर्टने. एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ११२. स्टाफरूममध्ये माझ्याहून वरचे आकडे घेऊन फिरणारे तिघे होते, आणि ते आजही सायकलने आचऱ्याला जातात. तीस वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलेला माणूस मी. अंथरुणात पडल्या पडल्या वाचायला लागलो.

कोलेस्टेरॉलवरचा आरोप जुना. १९१० मध्ये जर्मनीत विंडाऊस यांना रोगट महाधमनीत ते निरोगी धमनीपेक्षा कितीतरी पट जास्त सापडलं. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना ते चारून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या. १९७६ मध्ये मात्र अमेरिकेत इमाई आणि टेलर यांच्या गटाने एक वेगळाच प्रश्न विचारला : सशांना चारलं ते कोलेस्टेरॉल ताजं होतं का? बाटलीत हवेशी संबंध येऊन जुन्या झालेल्या पुडीतला मळ त्यांनी वेगळा काढला. तो दिल्यावर एका दिवसात महाधमनीतल्या पेशी मरू लागलेल्या दिसल्या. शुद्ध केलेल्या कोलेस्टेरॉलने तसं फारसं काही केलं नाही.

हे वाचताना मला आमच्या प्रयोगशाळेतली बाटली आठवली. लेबलवरचं साल पुसलेलं, पूड पांढरी, पण बुचाशी पिवळसर झालेली. दरवर्षी त्यातली चिमूटभर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल घालून मी मुलांना हिरवा रंग दाखवायचो. रंग यायचा, मुलं खूश, बाटली परत कपाटात. त्या पिवळेपणाचं काय, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

तो मळ म्हणजे ऑक्सिजन जोडला गेलेलं कोलेस्टेरॉल, ऑक्सिस्टेरॉल. ऊन, हवा, उष्णता आणि वेळ मिळाला की ते तयार होतं. बांगड्यासारख्या तेलकट मासळीत आधी तेल बिघडतं आणि ते बिघडताना कोलेस्टेरॉललाही ओढून नेतं. म्हणजे मालवणात दांडीच्या वाळूवर मासळी सुकताना जे रोज घडतं तेच. ताज्या कोळंबीत शंभर ग्रॅममागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं. सोडे केले की पाणी उडून जातं, कोलेस्टेरॉल मागे राहतं आणि वर दोन-तीन दिवसांचं कडक ऊन. तुपालाही ही चौकशी चुकलेली नाही. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जेकबसन यांनी भारतीय तुपात हे पदार्थ सापडल्याचं लिहिलं आणि परदेशातल्या भारतीयांच्या हृदयरोगाशी त्याचा संबंध असेल अशी शंका घेतली. पुढे म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये तूप खाणाऱ्या उंदरांचं कोलेस्टेरॉल उलट उतरलं. आमच्या घरात तूप वरणभातापुरतं, तेव्हा मी त्या भांडणात पडलो नाही.

मी डब्याकडे संशयाने बघायला लागलो. पण पुढचं वाचलं आणि गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. यकृत स्वतःहून कोलेस्टेरॉलला ऑक्सिजन जोडतं. जुनं कोलेस्टेरॉल पित्ताम्लात बदलून शरीराबाहेर काढायची वाटच ती. मेंदूसुद्धा आपलं जास्तीचं असंच बाहेर पाठवतो. धमनीतल्या गाठींत सापडणारं २७-हायड्रॉक्सी हे ऑक्सिस्टेरॉल तर शरीराच्याच एन्झाइमने बनवलेलं. ७-कीटो मात्र बहुतेक करून आगंतुक, एन्झाइमशिवाय तयार होणारं. धमनीच्या भिंतीत अडकलेलं एलडीएल तिथेच बिघडतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात, फेसाळ होतात आणि गाठ वाढते. यातलं बाजारातून आलेलं किती आणि घरचं किती, हे माझ्या रिपोर्टातल्या एकाही ओळीत नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, सुक्या मासळीतलं मीठ तुमच्या बीपीला आधी मारेल. रात्रीची ॲटोर्व्हास्टॅटिन चुकवू नका. आणि सिगारेट?"

सिगारेट दिवसाला चार. हा तपशील मी इतका वेळ लिहिलेला नाही, तसाच तेव्हाही तो माझ्या वाचनात कुठे आला नव्हता. धूर म्हणजे ऑक्सिडीकरण करणाऱ्या कणांचा लोंढा. हे मीच फळ्यावर लिहू शकलो असतो.

सिगारेट सोडली. मेडिकलवाल्याने 'व्हिटॅमिन ई घ्या, ऑक्सिडेशन थांबतं' म्हणून पाकीट पुढे केलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं ते देऊन हृदयाला काही फायदा दिसला नव्हता. पाकीट परत दिलं. सोलकढीने धमन्या धुऊन निघतात म्हणणारेही भेटले. सोलकढी मी पितो, चवीसाठी.

तीन महिन्यांनी एलडीएल ५८ झालं. आणि एक अनपेक्षित गोष्ट झाली, मला वास यायला लागला. पुढल्या मेमध्ये बाजारात नेहमीच्या बाईपुढे बसलो. एरवी निवड बायकोची, मी पिशवी धरून उभा. बाईने बांगडा उलटा करून दाखवला, "मास्तरानु, पोट बघा, पांढरा असा. पिवळा पडला काय तो बांगडो कामाचो नाय." मी नाकाशी धरला. मिठाचा, उन्हाचा वास. खाली दुसरा वाटा होता, कडेला तांबूस तेल सुटलेला. त्याचा खवट दर्प घशापर्यंत गेला. तीस वर्षं बायको असले वाटे बाजूला सारत होती आणि मी 'बरा तर आहे' म्हणत होतो.

खवट वास बिघडलेल्या तेलाचा. ऑक्सिस्टेरॉलला वास नसतो, हे मी बाईला सांगायला गेलो नाही. एरवीच्या निम्मेच घेतले. घरी कागदावर कागद, वर प्लास्टिक, आणि डब्याऐवजी फ्रीजर. बर्फाला वास लागतो म्हणून बायकोची कुरकुर आठवडाभर चालली.

आषाढात दोन दिवस लाइट गेली. तिसऱ्या दिवशी तिने फ्रीजर उघडला, एक बांगडा हुंगला, माझ्या हातात दिला. मी हुंगला.

"काय वाटता तुमका?"

"माडाच्या मुळात."

"आता येता वास," ती म्हणाली आणि बाकीचे चार निखाऱ्यावर ठेवायला आत घेऊन गेली.